एका ज्वारीला एक उडीद

हा खेळ आमच्या घरात आणला माझ्या नवऱ्याने. पुण्याच्या हॉस्टेलात शिकला होता. लग्नानंतर जळगावात एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि अनेक कोनांच्या फाशांची पिशवी घेऊन मला शिकवायला बसला. फासे बघून मला तर जुगारच वाटला. पण तसं काही नव्हतं. एकाने गोष्ट चालवायची, बाकीच्यांनी तिच्यातलं एकेक पात्र व्हायचं. जंगलं, राक्षस, पडके किल्ले. आपलं पात्र काय करणार ते आपण सांगायचं आणि ते जमलं की फसलं ते फाशाने ठरवायचं. मी शाळेत शिकवते, चाळीस पोरं गप्प बसवायची सवय, म्हणून गोष्ट चालवायचं काम माझ्याकडे आलं.

प्रत्येक पात्राची नियतही ठरवावी लागते. माणूस नेमाने चालतो की मनाला येईल तसा, आणि दुसऱ्याचं भलं बघतो की फक्त स्वतःचं. नुसतं ठरवून भागत नाही, पुढे तो तसाच वागतोय का यावर नजर ठेवावी लागते. पुस्तकात त्याचं बरंच गुऱ्हाळ होतं. मी म्हटलं, कुणी सांगितलंय एवढं! प्रत्येकापुढे एक वाटी ठेवली. चांगलं काम केलं की ज्वारीचा दाणा, वाईट केलं की काळा उडीद. आणि एक नियम घरचा घातला: एका ज्वारीला एक उडीद निघतो. आपल्याकडे असंच असतं ना, हातून पाप झालं की उपास करा, अन्नदान करा, फेडून टाका. नवऱ्याचं पात्र भुरटा चोर, त्याच्या वाटीत कायम इतके उडीद की संध्याकाळी डाळ शिजली असती. आम्ही खूप हसायचो.

मग माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. मुलगा भुसावळजवळ दीपनगरला, वीजकेंद्रात इंजिनिअर. मूळचा नागपूरकडचा, नाकासमोर चालणारा, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. आमच्या आईने तर त्याला देव्हाऱ्यात बसवायचंच बाकी ठेवलं होतं, आमचे वडील, नाना, तेही खूश. साखरपुडा झाला, धुळ्याचं मंगल कार्यालय ठरलं. तोवर दोघांची नीट ओळख व्हावी म्हणून मी त्यांना रविवारी दुपारी खेळायला बोलवायला लागले. बहीण धुळ्याहून एसटीने यायची, तो भुसावळकडून गाडीने, आणि जाताना तिला पार धुळ्यापर्यंत सोडून यायचा. एवढा उलटा फेरा कोण घालतं? आता मी त्याला ‘तो’ म्हणते, तेव्हा ‘पाहुणे’ म्हणायचे.

बहिणीने वैदीण घेतली, झाडपाला जाणणारी, तोंडाने फटकळ, तिच्यासारखीच. त्याने घेतला सरदार, नेमाचा आणि भला. त्याच्या वाटीत नुसती ज्वारी. नवरा चिडवायचा, साडूभाऊ, आमच्यासारख्या पाप्यांना जरा उसनी द्या.

एका रविवारी त्यांना गोष्टीत एक म्हातारा नावाडी भेटला. त्याने भिऊन चुकीचा रस्ता सांगितला होता. माझ्या मनात होतं की हे त्याला दरडावतील आणि पुढे जातील. पाहुण्यांनी शांतपणे विचारलं, ताई, खोटं बोलल्याची शिक्षा व्हायला हवी ना? आणि मग त्यांनी सांगायला सुरुवात केली. आधी नावाड्याची करंगळी छाटायची, मग तिच्या शेजारचं बोट. आवाज जराही चढला नाही. मध्ये एकदा बशीतला वेफर उचलून खाल्ला. मी वाटीत उडीद टाकले, तर किती ते त्यांनी वाकून मोजले. पुढच्या गावात विहीर उपसून दिली, विधवेचं छप्पर शाकारलं, एकेका कामाला एकेक उडीद काढून घेतला आणि वाटी माझ्याकडे सरकवून म्हणाले, झाली ना साफ?

मला ते खटकलं. रात्री नवऱ्याला बोलले तर तो म्हणाला, खेळ आहे गं. मी दर रविवारी घरं फोडतो, मला पोलिसांत देणार का? त्याचंही खोटं नव्हतं. खेळात वाईट वागल्याने कोणी वाईट होत नाही, उलट तेवढीच हौस फिटते. मीही मनाची समजूत घातली.

पण पुढच्या वेळी सरदाराने क्रम बदलला. आल्या आल्या भली कामं सुरू. भुकेल्याला भाकरी, आंधळ्याला हात, देवळात दिवा. नवरा म्हणाला, अहो, वाटीत एक उडीद नाही, कशाला एवढी मेहनत? तर हसून म्हणाला, असू द्या, पुढे लागतील. आणि लागलेच. एक पकडलेला शिपाई होता. बहिणीची वैदीण त्याला सोडायला निघाली होती. पाहुण्याने तिच्याकडे फक्त पाहिलं. माझी बहीण, जी लहानपणी शेजारच्या काकांशी हुज्जत घालून आपला पतंग परत आणायची, ती म्हणाली, बरं, नको सोडायला. त्यानंतर मी तिच्याकडे नीट बघायला लागले, तर ती प्रत्येक चालीआधी त्याचं तोंड बघत होती. चहात साखर घालू का विचारलं तरीही. मला त्याची भीती वाटायला लागली होती, चक्क भीती, आणि ती सांगणार कुणाला? नेम तर त्याने एकही मोडला नव्हता.

शेवटच्या रविवारी मी बसता बसताच सांगितलं, आजपासून नियम बदलला. ज्वारी पडेल, उडीद पडेल, पण पडलेला उडीद निघणार नाही.

तो खूप वेळ वाटीकडे बघत राहिला. त्याचं हसू पहिल्यांदाच गेलेलं मी पाहिलं. त्याला खरंच कळत नव्हतं.

“मग चांगलं वागायचं तरी कशाला, ताई?”

नवऱ्याच्या हातातले फासे हातातच राहिले. टेबलाखाली बहिणीने माझी ओढणी मुठीत धरली होती. खेळ काही पुढे सरकला नाही. थोड्या वेळाने त्याने घड्याळ बघितलं आणि तिला म्हणाला, चल, निघू. ती जागची हलली नाही. त्याच्यासमोर ती कधी घरची भाषा बोलायची नाही, त्याला गावठी वाटायची म्हणून. त्या दिवशी माझ्याकडे बघून म्हणाली, “अक्का, मी आज आठेच राहसू.”

इथेच राहते म्हणजे काय, त्याने विचारलं. उद्या ऑफिस आहे ना? नवरा मध्ये पडला, राहू द्या हो साडूभाऊ, बहिणी आहेत, गप्पा मारतील. तो हसला, मला वाकून नमस्कार केला आणि खाली गेला. पण गाडी सुरू झाल्याचा आवाज आला नाही. गॅलरीतून पाहिलं तर काचा वर करून आत बसलेला, रस्त्यावर चिटपाखरू नाही, असलं ऊन.

तेव्हा ती बोलली. महिन्यापूर्वी ऑफिसातल्या कुणाचा फोन घेतला म्हणून त्याने गाडीत तिचा हात पिरगळला होता. पंधरा दिवस ती लांब बाह्यांचे कुर्ते घालत होती. हात पिरगळल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो साड्या घेऊन घरी आला, एक तिला, एक आईला, आणि जिन्यात हळूच विचारलं, आता फिटलं ना? मी म्हटलं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस, वेडे? तिने माझं ऐकलंच नाही.

“परवा त्याने नानांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं, अक्का. दिवसभर रजा टाकून. मी तर काहीच केलं नव्हतं. तेव्हापासून मी वाट बघतेय.”

म्हणजे तिच्या नावाची ज्वारी त्याने भरून ठेवली होती, आधीच.

एवढ्यात आईचा फोन आला. तिला त्याने खालून फोन केला होता. आई माझ्यावरच उखडली. पोरगा बिचारा उन्हात ताटकळतोय, तुला काही रीतभात आहे की नाही, पाठव तिला खाली. बहिणीने माझ्या हातातून फोन घेतला, मीही कान जवळ नेला.

“माय,” ती म्हणाली, “माले त्यान्हं भ्याव वाटस.”

साखरपुड्यात गावभर पेढे वाटलेली माझी आई, जावयाचं नाव निघालं की पदर सावरून बसणारी. मला वाटलं, आता ती ओरडेल, नाहीतर समजूत घालेल, लग्नाआधी सगळ्याच पोरी घाबरतात म्हणेल. नानांच्या खोकल्याचा आवाज आला. मग आई बोलली, इतकं हळू की आम्हा दोघींना फोनला कान दाबून धरावे लागले.

“दार लाई ले, बेटा. मी येस.”