भरल्या ताटावरचा उपाशी

खाणीचा रस्ता मोठ्या रस्त्याला मिळतो त्या वळणावर पत्र्याच्या छपराची एक खाणावळ आहे. लांब लाकडी बाकं, धुराने काळी पडलेली एक भिंत आणि मागे परसात पाण्याची टाकी. दगड फोडणारे, डंपर चालवणारे, क्रेनवाला, सगळे दुपारी तिथेच जेवतात. पांढऱ्या भुकटीने माखलेली ती माणसं बाकावर येऊन बसली की ओळीने पुतळे मांडल्यासारखी दिसतात. पहिला घास पोटात गेला की पुतळ्यांना वाचा फुटते.

ही खाणावळ चालवणाऱ्या बाईचं खरं नाव कोणी घेत नाही. ताटातला भात अर्धा होतो न होतो तोच तिचा डाव भांड्याला खणकन लागायचा आणि ती विचारायची, "अजून?" नको म्हणणाऱ्याचं ती ऐकायची नाही. म्हणून तिचं नाव पडलं अजूनमावशी. "मावशी, पोट आहे हो, डंपर नाही!" असं म्हणत क्रेनवाला ताटावर हात आडवा धरायचा. ती त्याच्या बोटांच्या फटीतून वाढायची.

नवरा तरुणपणीच गेला होता. त्या दुःखाची तिने कधी वाच्यता केली नाही. मिरवायची ती एकच गोष्ट: आपल्या दारातून कोणी अर्धपोटी गेलं नाही. ही गोष्ट ती मोठ्याने बोलायची नाही, पण रिकामी भांडी घासताना तिच्या पाठीचा ताठपणा ती सांगायचा.

मुलगा एकुलता. दूरच्या शहरात, जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत त्याला काम लागलं. जायच्या आदल्या दिवशी तो कुत्र्याचं एक काळं-तपकिरी पिल्लू घेऊन आला आणि त्याने ते आईच्या मांडीवर सोडलं.

"हे काय रे?"

"मी गेल्यावर 'अजून' कोणाला म्हणशील? याला म्हण."

"इथे माणसं थोडी आहेत का?"

"माणसं पोट भरलं की उठून जातात, आई. हा इथेच बसेल."

तो खरंच बसला. चुलीपासून दोन हात लांब, पुढच्या पायांवर हनुवटी टेकून, डाव कुठे जातो ते बघत. अंग असं गोल की कूस बदलताना लोळण घ्यायचा. मावशीने त्याचं नाव जाड्या ठेवलं. मुलाचा फोन आला की ती आधी जाड्याचं सांगायची, मग स्वतःचं, आणि स्वतःचं सांगायच्या आत बहुतेक वेळा फोन संपायचा.

दुसरं वर्ष लागलं आणि जाड्या खंगायला लागला.

त्याने अन्नावरून तोंड फिरवलं असतं तर कोणीही म्हटलं असतं की हा आजारी आहे. पण तो तर अधाशासारखा खायचा. भांडं जमिनीवर टेकायच्या आत त्याचं तोंड आत असायचं. भांडं चाटून चाटून तो ते परसाच्या टोकापर्यंत ढकलत न्यायचा आणि परत येऊन चुलीकडे बघत उभा राहायचा. मावशी वाढवत गेली. सकाळी एकदा, दुपारी दोनदा, दिवेलागणीला पुन्हा. चुलीत लाकूड घालत राहावं, ते जळतही राहावं आणि भांडं मात्र गारच, तसं ते होतं. फासळ्या दिसू लागल्या, मग माकडहाड, मग डोळ्यांखालची खळगी.

क्रेनवाला म्हणाला, "मावशी, नाव बदला त्याचं. 'जाड्या' म्हणून हाक मारली की तोच मागे वळून बघतो, कोणाला बोलावताहेत म्हणून!"

सगळे हसले. मावशीही हसली. पण त्याच आठवड्यात डंपरवर नवा आलेला एक ड्रायव्हर शेजाऱ्याला हळूच म्हणाला, "घरच्या कुत्र्याला पोटभर घालत नाहीत, आपल्याला कसलं घालणार?" त्याला वाटलं, तिला ऐकू गेलं नाही. तिच्या हातातला डाव जरासा तिरका झाला आणि रस्सा बाकावर सांडला. तेवढ्यावरून बाकावरच्या आम्हाला कळलं, की तिला ऐकू गेलं होतं.

तिने जाड्याला गावातल्या गुरांच्या डॉक्टरकडे नेलं. माणूस वाईट नव्हता. त्याच्या अंगणात गाईम्हशींची रांग असायची, गुडघ्यापर्यंतचे बूट चिखलाने भरलेले असायचे आणि कोणीतरी सतत "डॉक्टर, आधी आमचं बघा, वासरू अडलंय" म्हणत असायचं. त्याने जाड्याच्या फासळ्यांवरून हात फिरवला, पापणी ओढून बघितली.

"खातो?"

"खातो कसला, तुटून पडतो."

"उलटी?"

"नाही."

"शी कशी आहे?"

मावशीने दोरी हाताला गुंडाळली. "ठीक आहे," म्हणाली.

ती ठीक नव्हती. ढिगाने व्हायची, फिकट, तेलकट, लादीला चिकटून बसणारी, आणि वास असा की टाकीपलीकडून यावा. त्याहून वाईट म्हणजे जाड्या मागे वळून तीच खायला बघायचा. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मावशीने त्याला मानेला धरून मागे ओढलं. जिथे अन्न शिजतं तिथल्या परसातली ही गोष्ट बाहेर गेली तर बाकावर कोण बसेल? म्हणून ती उजाडायच्या आधी उठायची, फावड्याने सगळं उचलायची, वर राख टाकायची, मग पाणी मारायची. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत परस आरशासारखं असायचं. येणारा म्हणायचा, वा मावशी, काय स्वच्छता! आणि त्या स्वच्छतेबरोबर दुखण्याचा माग रोज सकाळी धुऊन जायचा.

"जंत," डॉक्टर म्हणाला. "या गोळ्या द्या."

गोळ्या झाल्या. मग त्याहून कडक गोळ्या झाल्या. तिसऱ्या वेळी डॉक्टरने कुत्र्याला हातही लावला नाही. एका गाईच्या खुरावर वाकलेला होता, तिथूनच मान वर करून म्हणाला, "मावशी, उरलंसुरलं नका हो घालू. जरा कसदार घाला. मुकं जनावर आहे, ते बोलून थोडंच दाखवणार?"

रांगेतले लोक तिच्याकडे बघू लागले. ती वळली आणि दोरी धरून चालू लागली.

त्या दिवसापासून पहिलं ताट जाड्याचं. मटण आलं की चरबीचे चांगले तुकडे ती त्याच्यासाठी आधी बाजूला काढायची. तो आणखीच बिघडला, पहाटे फावडं आणखी चालायला लागलं. फोनवर मुलाला मात्र ती सांगायची, "मजेत आहे. खातो भरपूर." यातलं दुसरं वाक्य तरी खरं होतं.

मुलगा सुट्टीवर आला तेव्हा दुपारची वेळ होती, बाकं भरलेली. दारातच त्याने विचारलं, "हा कुठला कुत्रा?"

"जाड्या," आई म्हणाली.

त्याने पिशवी खाली ठेवली. जाड्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि चटका बसल्यासारखा उचलला. "आई, तू याला घालतेस ना?"

मावशीने मोठं भांडं घेतलं, काठोकाठ भरलं, जाड्यापुढे ठेवलं. आमच्या ताटातले घास ताटातच राहिले. जाड्याने डोळ्यांदेखत सगळं संपवलं आणि भांडं ढकलत परसाकडे निघाला.

"बघ," ती म्हणाली.

"आज मी आलोय ना," मुलगा म्हणाला, "म्हणून."

शब्द सुटला तेव्हाच त्यालाही कळलं असावं, कारण तो लगेच खाली बघू लागला. पण तोंडातून गेलेलं कोणाला परत गिळता आलंय? परसात रोज काय होतं ते सांगायला मावशीने तोंड उघडलं. बाकावर माणसं होती. तिने ते मिटलं.

सुट्टी संपली तसा मुलगा जाड्याला घेऊन गेला. मावशीने वाटेसाठी डबा बांधून दिला, दोघांसाठी. त्यांना स्टँडवर सोडायला निघालेल्या डंपरच्या केबिनमधून जाड्याने मागे वळून बघितलं, ते तिच्याकडे नाही, तिच्या हातातल्या भांड्याकडे.

त्यानंतर तिचं "अजून?" बंद झालं. एकदा वाढायची आणि पुढच्या ताटाकडे जायची. क्रेनवाल्याने एकदा धीर करून ताट वाजवलं. "मावशी, अर्धं झालं बघा!"

"तोंड आहे ना तुला? माग."

कोणी हसलं नाही. अन्न तेच होतं, मीठ तेवढंच होतं, पण त्या दिवसांत आम्ही बाकावरून उठायचो ते पोट भरून, जेवून नव्हे.

थंडी सरता सरता मुलगा आला, एकटाच. मावशी चुलीजवळ बटाटे सोलत होती. त्याने खिशातून जाड्याचा गळपट्टा काढून तिच्यासमोर ठेवला आणि जमिनीवर बसला.

"मी माझ्या हाताने घालत होतो, आई," तो म्हणाला. "दिवसातून कितीदा तरी. माझ्या डोळ्यांसमोर वाळत गेला."

ती सोलत राहिली.

शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी जाड्याला दिवसभर ठेवून घेतलं होतं. त्याच्या तोंडात काय जातं ते नाही, त्याच्यातून काय बाहेर पडतं ते बघत बसल्या. मग रक्त तपासायला पाठवलं. म्हणाल्या, पोटामागे एक अवयव असतो, त्याचा रस अन्न पचवतो. याचा रस आटलाय. खातो ते अंगी लागतच नाही, तसंच पुढे निघून जातं. भरल्या ताटावर बसून उपाशी मरतोय हा. एक पूड असते, ती जन्मभर रोज अन्नात कालवायची. वेळेवर सुरू केली तर कुत्री पुष्कळ जगतात.

"मग दिली ना पूड?"

"दिली. लागूही पडली. पण अंगात काही उरलंच नव्हतं, आई."

मावशीच्या हातातला बटाटा तसाच राहिला. "शेवटी पोट भरलं होतं का रे त्याचं?"

"हो. आदल्या दिवशी भांड्यात थोडं टाकलं त्याने, आणि तिथेच झोपला."

"टाकलं? जाड्याने?"

"हो."

तेव्हा ती रडली. तोंडावर पदर नाही, हात नाही, ते उघडं ठेवून, जशी लहान मुलं रडतात.

मुलगा गुरांच्या डॉक्टरकडे काय बोलून आला ते आम्हाला ठाऊक नाही. पण दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळेला डॉक्टर दारात उभा होता. बूट बाहेर काढून आला.

"मावशी, मी चुकलो," तो म्हणाला. "शी कशी आहे एवढं विचारलं आणि पुढच्या गाईकडे गेलो. विचारणं म्हणजे बघणं नव्हे. आणि वर तुम्हालाच बोललो."

कोणालाही वाटलं असतं की आता ती त्याला सोडणार नाही. बाकावरचे सगळे कान टवकारून बसले होते. मावशीने डाव खाली ठेवला.

"विचारलं होतंत तुम्ही. मीच ठीक म्हणाले. ठीक नव्हती. तो ती खायचासुद्धा. मी रोज पहाटे धुऊन टाकायचे."

"का गं, आई?" मुलाने विचारलं.

"खाणावळ आहे ना रे." तिने खाली ठेवलेला डाव सरळ केला. "आणि मला वाटलं, हा घाण खातो म्हणजे माझंच अन्न कमी पडतंय. लोक म्हणतात ते खरंच असेल."

पुढे तो डॉक्टर कोणतंही कुत्रं आणलं की आधी शी डब्यात घालून आणायला सांगू लागला. लोकांनी त्याला डबाडॉक्टर नाव ठेवलं. त्याने ते मुकाट्याने घेतलं.

त्या दुपारी मात्र नवा ड्रायव्हर, कुत्र्यावरून बोलला होता तोच, बाकावर सरकला आणि त्याने डॉक्टरला जागा करून दिली. मावशीने वाढलं. डॉक्टरला, मुलाला, सगळ्यांना, एकदाच. परसातलं ऐकूनही बाकावरून कोणी उठलं नव्हतं, हे तिने पाहिलं होतं.

मुलाचं ताट अर्धं झालं. तो थांबला. भांड्याला डाव लागल्याचा आवाज आला नाही.  मग त्याने ताट उचललं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं.

"आई," तो म्हणाला, "अजून."

तिने वाढलं. ताट भरलं तरी त्याने ते मागे घेतलं नाही, आणि तिचाही हात थांबला नाही.