आमच्या लॅबचं नाक

शेवाळ काय, किस्से काय, थोडं ऊन आणि रिकामा वेळ मिळाला की वाढतातच. आमच्या नांदेडच्या पाणी तपासायच्या लॅबमध्ये दोन्ही भरपूर!

धरणात शेवाळ माजलं की नळाच्या पाण्याला मातकट, कुबट वास येतो. तो लोकांच्या घरी पोचायच्या आत पकडायचा, हे माझं काम. शेवाळ बघायला मायक्रोस्कोप आहे, वासाला मात्र नाकच. पाणी कोमट करायचं, फ्लास्क हलवायचा आणि हुंगायचं. एवढं एमएस्सी केलं ते यासाठी!

*

आमचे साहेब शिस्तीचे. ड्यूटीवर अत्तर बंद, पावडर बंद, डब्यात कांदा बंद. एकदा मुरुडहून चुलतबहिणीचं लग्न आटोपून मी थेट कामावर आले. साहेब दारातच म्हणाले, "मॅडम, गजरा बाहेर ठेवा, तुम्ही आत या."

*

सासर लातूरचं. तिथं पाहुण्यांसमोर मी सवयीनं तांब्या हलवला, हुंगला आणि बोलून गेले, "टाकी धुवायला झालीय."

सासूबाई पाहुण्यांना म्हणाल्या, "सून लई शिकलेली हाय आमची. पाण्यात बी खोट काढते!"

दुसऱ्या दिवशी टाकी उघडली. आत हिरवंगार! आता मी गेले की सासूबाई शेजारणींचे तांबे रांगेत मांडून ठेवतात.

*

मागच्या उन्हाळ्यात मला सर्दीताप झाला आणि वासच गेला. फोडणी करपली तरी पत्ता नाही! नेमकं तेव्हाच धरणाचं पाणी खाली गेलेलं, शेवाळ रोज वाढतंय. साहेब रोज विचारणार, "मॅडम, नाक काय म्हणतंय?"

खरं सांगितलं तर हुंगायचं काम दुसऱ्याकडे जाणार. आणि मला तर तोच तोरा!

शेवटी गंगाधरमामांना गाठलं. मामा आमचे सॅम्पल आणणारे, मूळ लोह्याचे, राहतात पाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या मागंच.

"काळजी करू नका ताई," मामा म्हणाले. "रोज सकाळी सांगत जातो."

आणि सांगायचे. "आज चांगलं हाय." "आज बी चांगलं हाय." एक दिवस म्हणाले, "आजचं न्हाई बरं. वास हाय."

मी तडक साहेबांकडे. "सर, वास शोषायला आज कोळशाची भुकटी सोडा पाण्यात!"

सोडली. गावातून एक तक्रार नाही! साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं. मी जमेल तेवढी लाजले.

*

मग डोक्यात आलं, मामा तर दिवसभर तंबाखू मळत असतात. यांना वास येतो कसा?

"मला कुठं येतोय ताई! म्हशीपुढं बादली ठेवतो. चांगलं असलं की पिते. वास असला की तोंड फिरवून उभी. लई नखरेल हाय!"

तीन आठवडे रजिस्टरमध्ये मत म्हशीचं आणि खाली सही माझी!

*

माझं नाक ठिकाणावर आलं आणि त्याच आठवड्यात वरचे मोठे साहेब तपासणीला आले. रजिस्टर बघून खूश. "इतकं अचूक! हे काम करतं कोण?"

आमच्या साहेबांनी ऐटीत माझ्याकडे हात केला. मला मात्र राहवेना.

"सर, खरं सांगते. तीन आठवडे मी नव्हते. मामांच्या घरची होती."

"असं? मग त्यांना बोलवा. भेटलंच पाहिजे!"

मामा पुढं झाले. "आज न्हाई जमायचं साहेब. दिवस भरलेत तिचे."

मोठे साहेब आमच्या साहेबांवर कडाडले, "अहो, अशा अवस्थेत काम करून घेता? रजा द्या आधी तिला!"

"रजेचं काही न्हाई साहेब," मामा हात जोडून म्हणाले. "पेंड तेवढी वाढवून द्या."