साडूचा रेडिओ आधी बोलला

हॅम रेडिओचा नाद आधी मला लागला, हे आमच्या सासरच्या मंडळींना एकदा स्टॅम्पपेपरवर लिहून द्यावं असं मला फार वाटतं. दुसरबीडला रोडवर माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेला पंप उघडायचा, जुनी तार उपसायची, नवी भरायची, हा माझा धंदा. ते करता करता वाटू लागलं, आपल्या हाताने एक रेडिओ बांधावा, नुसता ऐकायचा नाही, ज्यावरून बोलताही येतं असा. त्यासाठी सरकारी परीक्षा द्यावी लागते, मग परवाना मिळतो. अभ्यासाला सोबत हवी म्हणून मी साडूला ओढलं. माझ्या मेहुणीचा हा नवरा बुलढाण्याला कॉलेजात क्लार्क आहे. माणूस सज्जन, आणि तीच तर अडचण आहे.

दोघंही पास झालो. दोघांनी एकच किट मागवलं. सर्किट बोर्ड, डाळीएवढे सुटे भाग, तांब्याची तार आणि ती गुंडाळायला अंगठीएवढ्या रिंगा. रिंगा पाहून मी मनातल्या मनात हसलो. तार गुंडाळण्यात हा माझ्यापुढे काय टिकणार? भिंतीत खिळा ठोकायचा तरी तो शेजाऱ्याला हाक मारतो. किटसोबत सूचनांचे कागद होते. त्यातला कॉइलचा, म्हणजे तार गुंडाळण्याचा, कागद मी बाजूला ठेवला. टर्न, म्हणजे वेढे, किती हवेत तेवढं पाहिलं, बस. वाइंडिंगवाल्याला वाइंडिंग कोणी शिकवू नये.

रिंगा अशा भरल्या की बघत राहावं. तारेला तार चिकटून, कुठे फट नाही, कुठे एकावर एक नाही. पंप घेऊन आलेल्या गिऱ्हाइकांनाही दाखवल्या. सोल्डरचे डाग दिले, गच्चीवर बांबूला अँटिना ताणली आणि रेडिओ चालू केला. नुसती फसफस. त्या फसफशीमागे लांब कुठे माणसं बोलताहेत एवढंच कळायचं. मी हाका मारायचो, उत्तर कोणी द्यायचं नाही. सगळे डाग पुन्हा दिले. फसफस तशीच.

अशात अधिक महिना आला. हिवरा आश्रमला सासऱ्यांनी दोघा जावयांना धोंड्याच्या जेवणाला बोलावलं. साडू आला तो पिशवीत रेडिओ घेऊन. पानं वाढायच्या आधीच त्याने अंगणातल्या कडुलिंबावर तार फेकली, मोटरसायकलची बॅटरी जोडली आणि हाक मारली. कोल्हापूरच्या एका डॉक्टरांनी ओ दिली. आम्हा लोकांत रीत आहे, समोरच्याचा आवाज कसा येतोय ते आधी आकड्यात सांगायचं. पाच-नऊ म्हणजे सगळ्यात वरचा, शेजारी बसून बोलल्यासारखा. बरेच जण भिडेखातर सगळ्यांनाच पाच-नऊ देऊन टाकतात. डॉक्टरांनीही दिला. साडूने घरच्यांना पाच-नऊचा अर्थ समजावून सांगितला, सासऱ्यांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि मग मला विचारलं की तुमचा कधी बोलणार.

माझा जळफळाट झाला. नाद माझा, हात माझा, आणि कौतुक त्याचं. तुपात बुडवलेला धोंडा मी पानातच ठेवला.

जेवणानंतर त्याने झाकण उघडून आतलं काम दाखवलं. त्याच्या कॉइल पाहून मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. तार सैल, वेडीवाकडी, इथे दाट तिथे विरळ. मी टर्न मोजले. एक कमी. दुसरी रिंग मोजली, तिथेही एक कमी. सासरे जवळ आहेत हे बघून मी मोठ्यानेच सांगितलं की तुझे टर्न चुकले आहेत.

साडू ओशाळला. माझ्याकडे न बघता म्हणाला, "साडूभाऊ, कागदावर लिहेल हाय, तार भोकातून एकदा गेली का एक टर्न झाला. मले तुमच्यासारखा हात नाही, म्हनून वाचा लागलं."

मी मनात हिशेब केला. मोटारीत तार निघाल्या जागी फिरून आली की आम्ही एक मोजतो. सुरुवातीचं टोक आत घातलं ते हिशेबात धरत नाही. रिंगेत मात्र ते टोक आत गेलं की तोच पहिला टर्न. माझ्या प्रत्येक रिंगेवर एक टर्न जास्त होता. चूक झाली याचं एवढं नाही, पण त्याने ती मला टोचली असती तर मी भांडलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून एकेक रिंग सोडवली. एवढी घट्ट बसवलेली तार, उकलताना जिवावर आलं. एकेक टर्न काढला, परत डाग दिले. घरी येऊन अँटिना जोडली तर खोली माणसांच्या आवाजांनी भरून गेली.

रविवारी सकाळी साडू ठरल्याप्रमाणे हाक मारत होता. मी ओ दिली. त्याने आनंदाने मला पाच-नऊ दिला. तोही मला घंटेसारखा खणखणीत ऐकू येत होता. मी बटन दाबलं आणि म्हणालो, पाच-सात.

बायको कणकेच्या हाताने दारात आली. "पाच-सात काऊन सांगतलं? मले त गॅसपाशी सारं साफ आयकू आलं." मी हवामानाचं काहीतरी कारण सांगितलं.

आठवडाभर साडू गच्चीवर होता. मेहुणीने फोनवर बायकोला सांगितलं की यांनी बांबू बदलला, तार बदलली, कॉलेजला उशिरा जाऊन राह्यले. पुढच्या रविवारी तो इतका दणदणीत आला की मला आवाज कमी करावा लागला. बायको दारातच उभी होती. मी म्हणालो, पाच-आठ.

"पाच-आठ म्हंजे सुधारला," साडू म्हणाला. "बाकी सारे तोंडदेखलं पाच-नऊ देऊन टाकतात, साडूभाऊ. मी आता तुमचाच आकडा खरा धरतो."

बायको पोळ्या करायला आत गेली.