सतरा नंबरचा गोटा

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कॉमेंटमध्ये वाद नको. लाटा किनाऱ्यावरची वाळू आणि गोटे कुठे, किती ढकलतात हे मोजणं माझं काम आहे. जे मोजता येतं तेच मी मानते... मानायचे.

मागच्या हिवाळ्यात गोराईला काम होतं. मी बोरिवलीची, त्यामुळे सकाळची पहिली बोट पकडली की खाडीपलीकडे. पद्धत साधी — साठ गोट्यांना भोक पाडून आत नंबरची चिप बसवायची, वरून सिमेंटने बुजवायचं, ओहोटीला एका रेषेत ठेवायचे, पुढच्या ओहोटीला रीडर फिरवत शोधायचे. गोटा वाळूत गाडला गेला तरी रीडर वाजतो, नंबर दाखवतो.

लाटा वायव्येकडून तिरक्या येत होत्या. गोटे दक्षिणेला सरकले, वीस-तीस पावलं. बरोबर. फक्त सतरा नंबर सापडला उत्तरेला, शंभरएक पावलांवर. लाटांच्या उलट!

तिथे फिलोमिना आंटीचं घर. समुद्राने तिचं अर्धं आंगण खाल्लेलं, माडसुद्धा गेले. दुसऱ्या दिवशी सतरा परत रेषेत ठेवला. परत तिच्याच कुंपणासमोर. तिसऱ्या दिवशीही तेच.

माझा सहकारी ओंकार म्हणाला, "कोणीतरी उचलतंय यार. सोड ना, एक गोटा गेला तर काय?"

मी सोडणाऱ्यातली नाही. सरळ आंटीच्या दारात गेले. "आंटी, आमचे दगड तुम्ही हलवता का?"

तिने गुडघ्यावर हात ठेवला. "माझा गुडघा वाकत नाय गो बाय. मी दगड उचलू?"

मला लाज वाटली, पण संशय गेला नाही. चौथ्या दिवशी पहाटेच्या ओहोटीला सतरा स्वतः ठेवला, शेजारी बांबू रोवला आणि वाळूत बसले. आंटीने हट्टाने खुर्ची आणून माझ्या बाजूला मांडली. "बघ, मी हितंच हाय." ओंकार दुसऱ्या टोकाला. भरती आली, बांबू कमरेपर्यंत बुडाला, दुपार गेली. आम्ही आळीपाळीने जेवलो. पाण्यात एक माणूस उतरला नाही, कुत्रासुद्धा नाही.

संध्याकाळी पाणी ओसरलं. बांबूपाशी रीडर गप्प. मी उत्तरेला चालत गेले... कुंपणासमोर वाजला. सतरा.

मी हाताने वाळू उकरली, गोटा काढला, भोकावरचं सिमेंट तपासलं. माझंच होतं, माझ्या अंगठ्याचा ठसा तसाच.

मी आंटीची माफी मागितली. म्हटलं, "कारण शोधल्याशिवाय मी गप्प नाही बसणार."

"तुला कारण पायजे," ती म्हणाली, "मला आंगण पायजे."

त्यानंतर अजून अकरा वेळा ठेवला, अकराही वेळा तिथेच सापडला. लाटांची दिशा, तळाचा उतार, खाडीचा प्रवाह, सगळं तपासलं. गोट्याचं वजन, आकार बाकीच्यांसारखाच. कशातच बसत नाही.

रिपोर्ट ज्यांच्याकडे द्यायचा ते आमचे सर म्हणाले, "ती ओळ काढून टाक, रिपोर्टची वाट लागेल." मी काढली नाही. सतराच्या सगळ्या नोंदी तशाच दिल्या. सर अजून नीट बोलत नाहीत माझ्याशी.

साठ गोट्यांपैकी एकोणसाठांचं मी सांगू शकते. सतराच्या पुढे 'कारण' या रकान्यात मी लिहिलंय — माहीत नाही.