शून्य बाहेर पडलं

"फरक दिसून राह्यला, पण हाये का?" मान कलती करून, हसू ओठांत दाबून साहेब विचारायचे.

१९६०च्या सुमारास घाटंजीजवळच्या एका शेतीफार्मवर ते बियाण्याचे प्रयोग करत. मूळचे नेरचे. मी त्यांचा मदतनीस. असा माणूस तुम्हीही कुठंतरी पाहिला असेल. "बाजारातल्या त्या दुसऱ्या माळणीची वांगी किडकीच निघतात," असं साहेबांच्या घरच्या वहिनी एकदा म्हणाल्या, तर हे पुढच्या बाजारी दोघी माळणींकडून पोतंपोतं वांगी घेऊन आले. चिरून पाहिली. किडकी दोघींकडं सारखीच! आठवडाभर साऱ्या फार्मनं भरली वांगी खाल्ली.

सरकी राखेच्या निवळीत भिजवून पेरली तर जास्त उगवते, ही त्यांची स्वतःची कल्पना. पहिल्या चाचणीत कोरड्या सरकीपेक्षा शेकडा आठ रोपं जास्त आली. रोपं मोजणारी कौतिकाबाई टाळ्या पिटू लागली. नागपूरचे वरिष्ठ पाहायला आले. ही पद्धत तालुकाभर सांगायची त्यांना घाई. साहेबांची बढतीही त्यावरच अडलेली.

साहेब म्हणाले, "बिया थोड्या होत्या. खरा फरक शेकडा वीस जास्त असेल, नाहीतर चार कमीही असेल. मधे शून्य येतं. म्हणजे फरक मुळीच नसेल, असंही होऊ शकतं."

"अहो, पद्धत तुमचीच ना?" वरिष्ठ म्हणाले.

"म्हणूनच. लोकांची पेरणी वाया गेली तर?"

वरिष्ठ तोंड वाकडं करून निघून गेले. कौतिकाबाई कडाडली, "हातचं कायले घालवलं, सायेब?"

साहेबांनी माझ्याकडून दहापट सरकी, निम्मी भिजवलेली, निम्मी कोरडी, वाळूच्या पेट्यांत पेरून घेतली. कुठली पेटी कशाची, ते फक्त मी लिहून ठेवायचं; मोजणारी आणि ते स्वतः, दोघंही अजाण. मला म्हणाले, "दोन्ही सारख्याच आहेत असं आधी धरायचं. मग एवढा फरक नुसत्या योगायोगानं पडणं किती अवघड, ते पाहायचं."

रोपं मोजून झाली. मी पेट्या सांगितल्या. फरक शेकडा सातच! माझं तोंड उतरलं. साहेब मात्र पेन्सिल फेकून उठले. "या खेपेला खरा फरक शेकडा तीन ते अकरा जास्त! योगायोगानं असं सहसा होत नसतं!" आणि अनवाणीच शेताच्या धुऱ्यावरून पळत सुटले.

"कौतिकाबाई, शून्य बाहेर पडलं!"

"कोन बाहेर पडलं? मंग दार लावा नं!"

त्या खरिपात गावोगावी सरकी भिजली. बढती आली, तिच्यासोबत बदलीही. साहेबांची प्रवासी मोटार निघाली तेव्हा शेतात निंदणाऱ्या बाया कंबर सरळ करून हात हलवू लागल्या. साहेब खिडकीतून अर्धे बाहेर, दोन्ही हात उंच, आणि मागून कंडक्टर त्यांचा सदरा घट्ट धरून उभा.