तळच्या रांगेतला फॉर्मिस

फॉर्मिस घरातही वाकून चालायचा. लग्नाला जायचं असलं तरी वल्हवताना बसायची मेंढीच्या कातड्याची गादी काखेत मारायचा. साधी गोष्टही ओरडून सांगायचा. जेवताना मध्येच वर बघायचा. जहाजात त्याच्या डोक्यावर आणखी दोघे बसत आणि त्यांचा घाम त्याच्या भाकरीवर पडे.

सिराक्यूज या ग्रीक नगराच्या आरमारात तो तळच्या रांगेत वल्हं मारी. पोहता येत नव्हतं. शत्रू, कार्थेजवाले, जहाजं घेऊन येताहेत अशी बातमी आली, तेव्हा तो शेजारच्या लिकोनकडे गेला. लिकोन पंचविशीच्या आतला, गुरूकडे काव्य शिकलेला आणि पोहण्यात पटाईत.

"पोहायला शिकव. जहाज फुटलं तर किनारा गाठता आला पाहिजे."

"दादा, या वयात?"

"बुडायला वय लागतं का रे?"

उथळ पाण्यात शिकवणी सुरू झाली. फॉर्मिस बेडकासारखे पाय झाडी आणि नाकात पाणी गेलं की लिकोनच्या गुरूला शिव्या घाली.

"तुझ्या त्या काव्यात तळच्या वल्हेकऱ्याचं नाव येतं का?"

"नाही."

"मग जहाज चालतं कशानं? कवीच्या फुंकरीनं?"

उन्हाळा सरता सरता तो पोहू लागला.

लढाई कताना शहरासमोरच्या समुद्रात झाली. लिकोन पायदळात होता, किनाऱ्यावर उभा. आपली चांगली जहाजं फार पुढे गेली आणि वेढली गेली. फॉर्मिसचं जहाज कुशीत धडक बसून कलंडलं. तळातून तो बाहेर कसा आला, कोण जाणे. पण त्याचे ते पाय लिकोननं लांबूनही ओळखले.

कार्थेजवाल्यांनी किनाऱ्यालगत लहान होड्या लावून ठेवल्या होत्या. पोहत येईल त्याला ते भाल्यानं टिपत होते. किनाऱ्यावर आपलं अख्खं सैन्य होतं. होडी एकही नव्हती.

ज्यांना पोहता येत नव्हतं ते मोडक्या जहाजांना धरून राहिले. त्यांतले काही कैद झाले. जिवंत.

फॉर्मिस चांगला पोहत होता. सगळ्यांच्या पुढे होता.

घरी परतल्यावर लिकोन आधी त्याच्या अंगणात गेला. फॉर्मिसची बायको मिर्तो ओल्या फडक्यावर पाणी शिंपडत होती.

"वहिनी..."

"थांब जरा. माती सुकली तर तडे जातील. आल्यावर घुमट चढवतो म्हणालाय."

फडक्याखाली फॉर्मिसनं अर्धी बांधलेली भाकरीची भट्टी होती. भिंत गुडघ्यापर्यंत आली होती.