आईची कवळी

आई आमच्या नेकनूरकडच्या गावातल्या महिला दूध संस्थेची सचिव होती. कुणाच्या किटलीला आंबूस वास आला तर ते दूध ती परत पाठवायची, मग ती सख्खी जाऊ का असेना. एवढी कडक बाई स्वतःच्या तोंडाकडे मात्र ढुंकून बघत नव्हती.

मिश्रीपायी वरचे दात गेले, म्हणून कवळी बसवली. रात्री काढून पाण्यात ठेवा, सकाळी घासा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. त्याच वर्षी दुष्काळ पडला. टँकर आठ-आठ दिवस यायचा नाही. कवळी दिवसरात्र तोंडातच.

"जनावराला पाणी न्हाई अन् दाताला वाटीभर ठेवू?" ती म्हणायची.

"वाटीभर पाण्यावर म्हैस जगणार आहे का?"

मी बीडहून दर रविवारी जायचे आणि दर रविवारी आमचं हेच भांडण. पुढे तिला भाकरी चावेना. दोष पिठाला. मधुमेहाच्या गोळ्या बदलूनही साखर उतरेना. शेवटी मी तिला जवळजवळ ओढतच दातांच्या दवाखान्यात नेलं.

कवळी काढली तर टाळू लालभडक, वर पांढरा थर. खालच्या दोन दातांच्या मुळाशी पू. डॉक्टर म्हणाले, "बुरशी आहे, जंतू आहेत. हिरड्या अशा सुजलेल्या असल्या की साखरही हटत नाही."

"टँकर आला की धुते," आई म्हणाली. मी कपाळाला हात लावला.

परतताना मांजरसुंब्याला चहा घेतला. तेव्हा ती म्हणाली, "तोंडाला वास येत होता का गं?"

"येत होता."

"मग बोलली कावून न्हाई?"

पाण्यावरून वर्षभर भांडले, पण हे बोलायची मला लाज वाटली होती.

"संस्थेतल्या बाया लांब बसायच्या," ती म्हणाली. "मला वाटलं, दुष्काळात दूध आटलं, मी संस्था बंद केली, म्हणून राग हाय माझ्यावर."

दोन दात काढले. महिनाभर औषध लावल्यावर टाळू बरी झाली, साखरही थोडी उतरली. बायांच्या घोळक्यात ती पुन्हा बसायला लागली. कवळी आता रात्री वाटीत असते, निदान मी मुक्कामाला असते तेव्हा तरी. एरवीचं विचारलं की फोनवर म्हणते, "लई चौकशा करती तू," आणि फोन ठेवून देते.